वस्तीत बसून करायचे संशोधन

आपल्या वस्तीला सर्व्हे नवा नाही. जनगणनेवाले येतात, शौचालये मोजणारे येतात, क्षयरोगाचे पथक येते, निवडणुकीच्या आधी तर विचारूच नका. हातात फॉर्म किंवा आता मोबाईल घेतलेली एखादी मुलगी दारात उभी राहते. दिवसाला अमुक इतकी घरे संपवायची असे तिला वरून सांगितलेले असते, त्यामुळे दहा मिनिटांत आपले घर संपते. माणसे किती? पाणी कुठून आणता? बाळंतपण दवाखान्यात झाले की घरी? ‘घरी’ म्हटले की कारणांची यादी निघते: दवाखाना लांब आहे, पैसे नव्हते, घरच्यांनी जाऊ दिले नाही, गरज वाटली नाही, इतर. बाई म्हणते, “नाही वाटली गरज.” मुलगी त्या चौकोनात खूण करते आणि पुढच्या दारात जाते.

तीच बाई संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता शेजारणीला सांगत असते, की मागच्या खेपेला लेबर रूममध्ये सिस्टरने मांडीवर चापट मारली होती आणि सगळ्यांसमोर नको ते बोलली होती. पुन्हा त्या पायऱ्या चढायच्या नाहीत असे तिने तेव्हाच ठरवले. फॉर्ममध्ये मात्र तिच्या नावापुढे ‘गरज वाटली नाही’ असेच राहते. वर्षअखेरीस अहवाल निघतो: या वस्तीतल्या स्त्रियांमध्ये आरोग्याविषयी जागृतीचा अभाव आहे. मग जागृतीचे पोस्टर छापले जातात. सिस्टरचा हात कोणी धरत नाही.

भाकऱ्या थापण्याच्या वेळी तिथे बसण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. तिला एथ्नोग्राफी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘एथ्नोस’ म्हणजे लोक, आणि ‘ग्राफी’ म्हणजे लिहिणे. मराठीत तिला वेगवेगळे जड शब्द योजले गेले आहेत. नर्सिंगच्या मुलींना ते पाठ करावे लागतात आणि परीक्षा झाली की त्या विसरतात. मी सरळ एथ्नोग्राफीच म्हणते. संशोधनाचे ढोबळ दोन प्रकार सांगतात: किती आहे हे मोजणारे ते संख्यात्मक, आणि कसे व का आहे हे उलगडणारे ते गुणात्मक. एथ्नोग्राफी ही दुसऱ्या प्रकारातली. तिचे वेगळेपण असे, की ती नुसती मुलाखत घेऊन थांबत नाही. माणूस काय बोलतो, प्रत्यक्षात काय करतो, आणि आपण काय करतो असे त्याला वाटते, या तीन गोष्टी बहुतेक वेळा जुळत नाहीत. ते न जुळणे दिसायला त्या जागी दिवसेंदिवस राहावे लागते, लोकांच्या कामात हात घालावा लागतो आणि रोज लिहावे लागते. कोणत्याही नर्सला विचारा. “रोज हात धुता का?” या प्रश्नाला जगात कोणी ‘नाही’ म्हणत नाही. वॉर्डच्या बेसिनपाशी चार तास बसले की साबण आहे का, नळाला पाणी येते का, आणि पंचेचाळीस खाटांना एक सिस्टर असताना प्रत्येक रुग्णानंतर हात धुणे शक्य आहे का, हे सगळे कळते.

या पद्धतीकडे आपण जरा सावधपणेच पाहायला हवे. तिचा जन्म साम्राज्याच्या छायेत झाला, आणि आपण तिच्यात फार काळ लिहिणारे नव्हतो. आपल्यावर लिहिले जात होते. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योग केला. १९३८ मध्ये अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याचे ‘द महार फोक’ नावाचे पुस्तक निघाले. त्यात आपले आजे-पणजे आहेत, पण वर्णनाचा विषय म्हणून. गावात राहून अभ्यास करणाऱ्या भारतीय अभ्यासकांनीही आपले बिऱ्हाड कुठे टाकले हे पाहण्यासारखे आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या एका गावात केलेला अभ्यास फार गाजला. ते राहिले गावच्या पाटलाच्या मालकीच्या घरात. तिथून गाव जसे दिसेल तसे दिसले. खाट कुठे टाकली यावर वहीत काय येणार हे बरेचसे ठरते.

पण याच विद्येच्या वर्गात बसून एका तरुणाने तिचे तोंड उलट्या दिशेला फिरवले, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. ‘भारतातील जाती’ हा बाबासाहेबांचा पहिला मोठा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला, तो डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. वय अवघे पंचवीस. पुढे १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ लिहिताना त्यांनी नाकाच्या त्याच मोजमापांचे आकडे हाती घेतले आणि अस्पृश्य हा वेगळा वंश आहे हा समज त्या आकड्यांनीच खोडून काढला. ज्यांच्यावर लिहिले गेले त्यांनीच लिहायला घेतले की काय होते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

आता आरोग्याकडे येऊ.

दाई नावाची बाई

१९७० च्या दशकाअखेरपासून आपल्या सरकारने खेडोपाडीच्या दायांना प्रशिक्षण देण्याची मोठी मोहीम चालवली. विचार वरवर पाहता चांगला होता. दवाखाने कमी, डॉक्टर नाहीत. गावात दाई मात्र आहे, बायकांचा तिच्यावर विश्वास आहे, तिला स्वच्छता शिकवू, नवे ब्लेड आणि दोरा देऊ, धोक्याची लक्षणे समजावू. ती गावाला शिकवील आणि माता-बालमृत्यू कमी होतील.

१९८० च्या दशकात पॅट्रिशिया जेफरी, रॉजर जेफरी आणि अँड्र्यू लायन हे तिघे उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात राहून बाळंतपणाचा अभ्यास करत होते. त्यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले. त्यांनी दाईला प्रश्नावली देऊन काम संपवले नाही. बाळंतपणाच्या घरी कोणाला कधी बोलावतात, कोण कोणाला हुकूम देते, दाईला काय मिळते, ती घराच्या कोणत्या भागात वावरते, हे त्यांनी पाहिले. आणि सरकारच्या कागदावरची दाई त्यांना तिथे सापडलीच नाही. सापडली ती गरीब, बहुधा खालच्या मानलेल्या जातीतली किंवा पोटासाठी हे काम धरलेली बाई. नाळ कापणे आणि वार हाताळणे हे काम विटाळाचे, म्हणून ते तिच्याकडे. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत तिला कोणी विचारत नाही. कळा बऱ्याच पुढे गेल्या की निरोप येतो. दवाखान्यात न्यायचे की नाही हे सासू आणि घरातली वडीलधारी ठरवतात. दाईने ‘न्या’ म्हटले तरी ऐकतीलच असे नाही, आणि काही वाईट झाले तर दोष मात्र तिच्यावर. पुढे सीतापूर जिल्ह्यात काम केलेल्या साराह पिंटो या अभ्यासिकेला तर असेही आढळले, की बाळ हाती घेणारी घरातली-शेजारची कोणीही असते, आणि नाळ कापायला व नंतरच्या ‘घाण’ कामाला दलित स्त्रीला वेगळे बोलावतात.

म्हणजे प्रशिक्षणात जिला ‘गावाची आरोग्यशिक्षिका’ मानले, तिला त्या घरात बोलायचा अधिकारच नव्हता. नवे ब्लेड तिच्या हाती देता येते. जातीने काढून घेतलेला शब्द महिनाभराच्या शिबिरात परत देता येत नाही. शिबिरात किती दाया बसल्या, किती किट वाटले, हे आकडे सगळे खरे होते. चूक होती ती आकड्यांच्या आधी धरलेल्या कल्पनेत, आणि ती कल्पना तपासायला कोणालातरी त्या घराच्या ओसरीवर बसावे लागले.

आपल्याकडे नाळ कापायला कोणाला बोलावत आणि बदल्यात सुपात काय टाकत, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. हयात आहेत तोवर विचारावे आणि लिहून ठेवावे. तीही एथ्नोग्राफीच आहे आणि तिला कोणाच्या अनुदानाची गरज नाही.

‘गोळ्या नीट घेत नाहीत’

नर्सने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य हे असावे. क्षयरोगाच्या रजिस्टरमध्ये उपचार मध्येच सोडणाऱ्याला कित्येक वर्षे ‘डिफॉल्टर’ लिहीत. कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तोच शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने तो २०१३ मध्ये बदलला. आता ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाची नोंद करतात. शब्द बदलला, पण ओपीडीतला सूर बदलला का, हे प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यात जाऊन पाहावे.

या प्रश्नावरचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम हैतीतले आहे. पॉल फार्मर हे डॉक्टरही होते आणि मानववंशशास्त्राचे शिकलेले अभ्यासकही. हैतीच्या मध्य पठारावर कांज नावाची वस्ती आहे. १९५० च्या दशकात तिथे पेलिग्र धरण झाले, सुपीक खोरे पाण्याखाली गेले आणि तिथले शेतकरी वरच्या उजाड टेकड्यांवर फेकले गेले. धरणग्रस्तांची कहाणी आपल्याला समजावून सांगायला नको. फार्मर तिथे १९८३ पासून जात होते, लोकांची भाषा बोलत होते, घरोघर बसत होते.

तिथे क्षयाचे औषध फुकट होते, तरी माणसे मरत होती. का? शिकलेल्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे ठरलेले: लोक अंधश्रद्ध आहेत, हा आजार कोणीतरी करणी करून पाठवला असे मानतात, म्हणून गोळ्या सोडतात. गावातूनच निवडलेल्या आरोग्यसेवकांचे म्हणणे वेगळे होते. ते म्हणत, पोटात अन्न नाही तिथे गोळी काय करील? तिकडची म्हणच आहे, की अन्नाशिवाय औषध देणे म्हणजे हात धुऊन मातीला पुसणे.

फार्मर यांच्या गटाने हे दोन्ही तपासायचे ठरवले. औषध सर्वांना फुकटच. पण एका भागातल्या रुग्णांना त्यासोबत दरमहा थोडे पैसे, पूरक आहार आणि घरी येणारा आरोग्यसेवक दिला, दुसऱ्या भागात फक्त औषध. शिवाय प्रत्येक रुग्णाशी सविस्तर बोलून त्याला आजाराचे कारण काय वाटते हेही नोंदवले. पहिल्या गटातले सगळे रुग्ण बरे झाले. दुसऱ्या गटातले साधारण निम्मेच. आणि करणीचे? करणीवर विश्वास दोन्ही गटांत होता, बहुतेक सगळ्यांचाच होता. बरे झालेल्यांचाही होता! गोळ्या घेणे न घेणे त्यावर ठरतच नव्हते.

करणीवर माझा काडीचा विश्वास नाही आणि तिच्याविरुद्ध बोलणे मी सोडणार नाही. पण इथे शिकण्यासारखे आहे ते हे: ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे उत्तर यंत्रणेला फार सोयीचे असते. ते दिले की भाकरीचा खर्च वाचतो. एथ्नोग्राफी कच्ची केली तर तीसुद्धा याच उत्तरापाशी थांबते. चार चालीरीती लिहून घेते, दोन देवऋषी गाठते आणि ‘पारंपरिक समजुती’ असे प्रकरण पाडून मोकळी होते. पक्की एथ्नोग्राफी विचारते, की हा माणूस सकाळी नऊ वाजता औषधाच्या खिडकीशी उभा राहिला तर मजूर अड्ड्यावरचे त्याचे काम कोणाला मिळते? त्या दिवशी घरात काय शिजते? सुनेचा आजार सासरी लपवायचा असेल तर गोळ्यांचे पाकीट कुठे ठेवायचे? आपल्या देशात क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. ती रक्कम खात्यात कोणत्या महिन्यात पडते, खाते कोणाच्या नावावर आहे आणि पैसे काढायला जाण्याचे भाडे किती, हेही असेच कोणीतरी बसून पाहायचे आहे.

पाहणाऱ्याचीही परीक्षा

युगांडाच्या उत्तरेला गुलू इथे २००० सालच्या अखेरीस इबोलाची साथ आली. ४२५ माणसे आजारी पडली, २२४ मेली. त्यात शुश्रूषा करणाऱ्या नर्स होत्या, आणि लाकोर रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया हेही होते. रुग्ण अँब्युलन्स पाहून पळत होते, आणि पथकातल्या अनेकांना तो लोकांचा अडाणीपणा वाटत होता. बॅरी ह्यूलेट हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे गेले आणि लोकांच्या भीतीमागचे कारण लोकांकडूनच ऐकले. नेलेला माणूस परत दिसत नाही, मेला तर घरच्यांना न दाखवता पुरतात. मग मृतदेहाचे काय करत असतील ही शंका कोणालाही येईल. घरच्यांना दुरून का होईना, मृताचे दर्शन घेऊ द्यावे, हा सल्ला त्यातून निघाला. आणि दुसरेही कळले. त्या अचोली लोकांकडे साथीसाठी स्वतःची जुनी शिस्त होती: आजाऱ्याला वेगळ्या घरात ठेवायचे, दाराशी उंच गवताच्या काठ्या रोवून खूण करायची, आधी त्या आजारातून उठलेल्यानेच सेवा करायची, गावोगाव फिरायचे नाही, नाचगाणी बंद, बरे झाल्यावरही एक चांद्रमास वेगळेच राहायचे. साथरोगाच्या पुस्तकात आणखी काय असते? म्हणजे अडाणी मानलेल्यांपाशी ज्ञान होते आणि तज्ज्ञांच्या वागण्यात त्रुटी होती. दोन्ही बाजूंना एकाच नजरेने पाहिले म्हणून हे दिसले.

यासाठीच माझा आग्रह आहे, की आरोग्यातली एथ्नोग्राफी फक्त वस्तीत करू नये, दवाखान्यातही करावी. मॅडेलिन लाइनिंगर या अमेरिकन नर्सने मानववंशशास्त्राचे शिक्षण घेऊन १९६० च्या दशकात न्यू गिनीच्या डोंगरी भागात राहून अभ्यास केला आणि नर्सिंगसाठी या पद्धतीची स्वतंत्र शाखाच घडवली. तेव्हा हे काम नर्सचे नाही असे कोणी म्हणू नये. उलट, वॉर्डात चोवीस तास माणूस पाहणारे दुसरे कोण आहे? डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. रात्री दोन वाजता नातेवाईक काय बोलतात ते सिस्टर आणि मावशी ऐकतात.

आणि दवाखान्यात जात कशी वागते हे फॉर्मला दिसत नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदींनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी करून २००६ मध्ये ‘ग्रामीण भारतातील अस्पृश्यता’ या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातल्या ३३ टक्के गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देत होते. हा आकडा हादरवणारा आहे आणि असे आकडे हवेतच. पण नकार म्हणजे नेमके काय? कर्मचारी वाटेवरूनच हाक मारते? अंगणवाडीतच बोलावते? बाळाचे वजन घेताना आईलाच झोळीत टाकायला लावते? संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांविषयी केलेला, २०१० साली आलेला अभ्यास या तपशिलात शिरतो. औषध हातावर कसे दिले, तपासताना स्पर्श केला की टाळला, किती वेळ दिला, कोण कसे बोलले, हे त्यांनी मुलांकडून ऐकून नोंदवले. गोळी मिळाली की नाही या प्रश्नाला ‘मिळाली’ हेच उत्तर येते. ती वरून टाकली की हातात ठेवली, हे विचारावे लागते. त्याहून चांगले म्हणजे खिडकीशी उभे राहून पाहावे लागते.

वही कशी लिहायची

आपल्या मुली-मुलांपैकी पुष्कळजण आज नर्सिंग, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य शिकत आहेत. त्यांच्यासाठी थोडे कामाचे.

प्रश्न लहान घ्या. ‘दलित स्त्रियांचे आरोग्य’ हा प्रश्न नाही, ते आयुष्यभराचे काम आहे. ‘आमच्या वस्तीतल्या बाया बाळंतपणानंतरच्या तपासणीला का जात नाहीत’ हा प्रश्न आहे. मग एक-दोन जागा ठरवा आणि तिथे वारंवार जा, वेगवेगळ्या वेळी जा. पहिल्या आठवड्यात लोक तुमच्यासाठी नीट वागतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुमचा कंटाळा येईल आणि तेव्हापासून खरे दिसू लागेल. रिकामे बसू नका. भाजी निवडा, केसपेपर काढायला मदत करा, रांगेत जागा धरा.

समोर बसून खरडत राहिलात तर माणसे गप्प होतात. दोन शब्द टिपून घ्या आणि त्याच रात्री सविस्तर लिहा. दुसऱ्या दिवसावर टाकलेली नोंद निम्मी विटते. वहीत पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे, आणि तुम्हाला वाटलेले वेगळे लिहा. ‘सिस्टर उद्धटपणे बोलल्या’ हे पाहिलेले नाही, ते तुमचे मत आहे. ‘सिस्टरने मान वर न करता कागद ढकलला आणि म्हणाल्या, पलीकडे’ हे पाहिलेले आहे. लोकांचे शब्द त्यांच्याच बोलीत घ्या. बाई ‘अंगावर पांढरं जातं’ म्हणाली तर वैद्यकीय नाव लिहून मोकळे होऊ नका. त्या शब्दात अशक्तपणा आहे, घरातले कष्ट आहेत, कधी नवऱ्याचा आजार आहे. मेळघाटात लहान मुलाचे पोट तापलेल्या विळ्याने डागतात त्याला ‘डम्मा’ म्हणतात. ते थांबवायचेच आहे, पण आई त्या रात्री कोणाकोणाकडे गेली होती आणि कुठले दार बंद होते, हेही वहीत यायला हवे.

आपणच आपल्या वस्तीतले असलो तर काम सोपे होते असे वाटते. दारे उघडतात हे खरे. पण सवयीच्या गोष्टी दिसत नाहीत. नळावर कोण आधी भरते, वस्तीतसुद्धा कोणाच्या घरचा चहा कोण घेत नाही, हे आपल्या डोळ्यांना इतके ओळखीचे असते की नोंद करावी असे वाटतच नाही. पोटजातींचे दुरावे लपवायचा मोहही होतो, कारण बाहेरच्याला कशाला सांगायचे! म्हणून पहिल्या पानावर आपण स्वतः कोण, कोणाची लेक, कोणत्या गल्लीतली, कोण आपल्याशी मोकळे बोलणार नाही, हे लिहा. बाहेरून येणाऱ्याने तर ते लिहावेच लिहावे.

परवानगी ही सहीपुरती गोष्ट नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सामाजिक अभ्यासालाही लागू आहेत. संस्थेतून काम करणार असाल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि माणसांची समजून दिलेली संमती लागते. त्यापलीकडेही एक गोष्ट आहे. तुम्ही महिनोन् महिने बसता, तेव्हा माणूस तुम्हाला संशोधक म्हणून विसरतो आणि घरचे बोलून जातो. हातभट्टी, नवऱ्याची मारहाण, लपवलेला एचआयव्ही. असे काही वहीत आले तर नाव, गल्ली, कामाचे ठिकाण असे ओळख पटवणारे सगळे बदला, आणि काही गोष्टी लिहूच नका. लेबर रूममधल्या वागणुकीवर लिहिताना बोलणारी कंत्राटी मावशी सहज ओळखू येते, आणि नोकरी तिची जाते, सिस्टरची नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाच घरांत खोल उतरून ‘का’ कळते, ‘किती’ कळत नाही. पाच घरांवरून सगळ्या समाजाविषयी बोलणे म्हणजे रिस्लेच्या वाटेने जाणे. दोन्ही हात लागतात. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याआधी जगाच्या कुटुंबनियोजनवाल्यांना खेड्यातल्या बाईचे फक्त गर्भाशय दिसत होते, त्याचे दुखणे दिसत नव्हते. ९२ हा आकडा डॉक्टरी तपासणीने दिला. पण इतक्या बाया तपासणीच्या टेबलावर यायला तयार झाल्या, त्यासाठी त्यांच्यात बसून त्यांचे ऐकणारे कोणीतरी आधी असावे लागले.

ज्याला सुरुवात करायची आहे त्याने एक औषधाची खिडकी निवडावी. प्राथमिक आरोग्य केंद्राची चालेल, महापालिकेच्या दवाखान्याचीही चालेल. आठवड्यातून दोन दिवस, तीन महिने. वैद्यकीय अधिकाऱ्याला आधी भेटून, काय पाहणार ते सांगून. रांग कुठून सुरू होते, खिडकीची उंची किती, म्हाताऱ्या बाईला आतला आवाज ऐकू येतो का, गोळी कधी घ्यायची ते कोणाला दोनदा सांगतात आणि कोणाला एकदाही नाही. फार्मासिस्टचेही ऐका, सकाळच्या चार तासांत त्याच्या हातून किती कागद जातात ते मोजा. तीन महिन्यांनी वहीतले काढून दहा पाने करा आणि छापायच्या आधी वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवा. एखादी म्हणेल, “हे असं नाही गं, तू अर्धंच लिहिलंस.” तिथे थांबा, तिचे अर्धे त्याच पानावर तारीख घालून लिहा, आणि मग पुढे वाचा.